पितळ उघडं पाडताना

जीन्स कुठली, मोबाइल कुठला, कॉफी कुठली... ब्रँडवरून वाद घालायला आपल्याला कुठलंही निमित्त पुरतं. पण रायफलच्या रिकाम्या पुंगळीवरून तासन्‌तास भांडणारी माणसंही या जगात आहेत, बरं का! 'लापुआ'वाले 'विंचेस्टर'वाल्यांना नाकं मुरडतात, 'नॉर्मा'वाले दोघांकडे दयेनं बघतात. गोळी सुटल्यावर मागे उरतं ते बोटभर पितळ. त्यात कसला आलाय ब्रँड?

तर, काडतुसात पुन्हा वापरता येणारी वस्तू ती एकच. गोळी गेली, दारू जळाली, प्रायमर फुटला. पुंगळी मात्र परत भरता येते. याला म्हणतात रीलोडिंग. अमेरिकेत हा चक्क गॅरेजमध्ये बसून करायचा छंद आहे. आपल्याकडे मात्र तसा विचारही मनात आणू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. म्हणजे आपल्याकडच्या परवानाधारकाला पितळाची पारख असली, तरी ती वापरायची काडतूस विकत घेताना आणि घरी सांभाळताना.

ही पारख आहे मात्र भन्नाट. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. पत्र्याची चकती कापायची, तिची वाटी करायची, मग ती वाटी साच्यातून पुनःपुन्हा ओढून लांब करायची. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मधेमधे तापवून नरम करायचं. शेवटी गंमत अशी, की बूड कडकच हवं आणि तोंड नरम. बार उडाला की पुंगळी फुगून नळीच्या कोठीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच आकसून सुटी होते. बूड नरम निघालं, भिंत एका बाजूला पातळ निघाली, तर तोच वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलला इतकं थेट महत्त्व क्वचितच असेल.

आता ब्रँड. फिनलंडच्या लापुआची ख्याती एकसारखेपणाची: एका डब्यातल्या पुंगळ्या वजनाला जवळजवळ सारख्या, बुडाचं छिद्र नीट कोरलेलं. बरेच कारखाने ते ठोकून पाडतात, मग आत बारीक कंगोरा राहतो. स्वीडनची नॉर्मा १९०२पासूनची. पितळ देखणं, पण जरा नरम, असं जाणकार म्हणतात. अमेरिकेच्या फेडरलवरही तोच आक्षेप: प्रायमरचा खड्डा लवकर सैल होतो. विंचेस्टर स्वस्त, पण आधी निवडून घ्यावं लागतं, तांदूळ निवडतात तसं. माझं मत विचाराल तर नावापेक्षा डब्यातली पहिली आणि पन्नासावी पुंगळी सारखी आहे का, एवढंच बघावं. वजनकाटा खोटं बोलत नाही.

'मग आपला स्वप्नील कुसाळे?' असं कुणी तरी विचारणारच. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं ब्राँझ जिंकलं ते पॉइंट टू-टू रायफलवर. तिच्या पुंगळीत प्रायमरचं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ती एकदाच वापरायची. तिथले खेळाडू पुंगळी निवडत बसत नाहीत. काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो जमेल तो घेतात.

आणि देशी माल? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. त्याच्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असतात. बडनेऱ्याहून मुंबईकडे रेल्वेनं निघालात तर भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागतं, तिथला कारखाना १९६४चा. २०२१पासून दोन्ही 'म्युनिशन्स इंडिया'त आहेत. लष्करी पुंगळीच्या मानेवर तापवल्याचा निळसर-तपकिरी डाग तसाच ठेवतात. अनेकांना तो दोष वाटतो. उलट, मान नरम केल्याची ती पावती! बरेच बाजारी ब्रँड पॉलिश करून ती पुसतात, इतकंच.

हे सगळं ज्ञान पाजळायची संधी मला मिळाली ती अंजनगाव सुर्जीत. मैत्रिणीचं माहेर तिथलं. पानमळा, पानपिंपरी, संत्री. (३० डिसेंबर १८०३ला दौलतराव शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला तेच हे गाव. त्या लढायांत पितळ नव्हतंच. कागदाची काडतुसं दातानं फाडायची.) तिच्या काकांकडे वडिलोपार्जित ३१५ बोअरची रायफल आहे, परवान्यासकट. हल्ली ती बाहेर पडते फक्त निवडणुकीत, ठाण्यात जमा करायला. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात, पट्टा गोठ्यावरच्या माळ्यावर, शेजारी युरियाची पोती.

पितळावर हिरवट थर चढला होता. तो चामड्यातल्या आम्लाचा. खरी धास्ती गोठ्याची. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढलेल्या पितळातला ताण, ही जोडी त्यामागे आहे हे १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडलं. 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात त्याला. ओल्या युरियातूनही अमोनियाच सुटतो. ब्रँड लापुआ असो की खडकी, त्याच्यापुढे सगळं पितळ सारखंच.

"काहून बाई, पितळच त हाय ना. त्याले का होते?" काका म्हणाले. मी भिंग दिलं. दोन पुंगळ्यांच्या मानेवर केसाएवढी उभी रेघ होती. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. ती रायफल त्यांनी अनेकदा गालाला लावलेली.

दुसऱ्याच दिवशी काडतुसं घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात कुलूपबंद झाली, गोठ्यापासून लांब. तडकलेली दोन वेगळी काढली. ठाण्यात विचारून परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचं ठरलं. पट्ट्याचं मात्र जमलं नाही.

"पट्टा नाई फेकनार मी. माह्या सासऱ्यानं देल्ला."

तो आता खुंटीवर आहे, रिकामा.