पोटात पाणी असलेली हिमालयन

नोव्हेंबर २०२३मध्ये गोव्यात वागातोरला भरलेल्या ‘मोटोव्हर्स’ या आपल्या मेळाव्यात रॉयल एनफील्डने नव्या हिमालयन ४५०ची किंमत जाहीर केली. २ लाख ६९ हजारांपासून पुढे. किमतीवर बोलून झालं, पण एक वाद अजून मिटलेला नाही, तो पाण्याचा. या कंपनीने आजवर हवेवर, फार तर हवा आणि तेलावर थंड होणारी इंजिनं बनवली. रेडिएटर आणि कूलंट असलेलं ‘शेर्पा ४५०’ हे तिचं पहिलंच इंजिन. जुन्या मंडळींचा आक्षेप साधा आहे: जिथे मॅकॅनिक नाही, गॅरेज नाही, तिथे जाण्यासाठी घेतलेल्या गाडीत फुटू शकेल अशी आणखी एक वस्तू कशाला?

आक्षेप खोटा नाही. पण एका रेडिएटरमुळे बाकीची गाडी किती बदलली, हे पाहिल्याशिवाय त्यावर मत देणं घाईचं होईल.

२०१६मध्ये आलेल्या पहिल्या हिमालयनचं इंजिन ४११ सीसीचं होतं. एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, सुमारे २४ अश्वशक्ती आणि ३२ न्यूटन-मीटर टॉर्क. नवं ४५२ सीसीचं आहे. सिलिंडर एकच, पण व्हॉल्व्ह चार, वर दोन कॅमशाफ्ट, ताकद ४० अश्वशक्ती आणि टॉर्क ४० न्यूटन-मीटर. सीसी दहा टक्क्यांनी वाढले आणि ताकद साठ टक्क्यांहून जास्त. ही ताकद आली ती इंजिन जास्त फिरवून: जुनं मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर थकायचं, नवं आठ हजारांवर पूर्ण जोर लावतं. एवढ्या फेऱ्या आणि ११.५ पट कॉम्प्रेशन म्हटल्यावर सिलिंडरच्या डोक्यात जी उष्णता साठते, ती सिलिंडरवरच्या पंखांना बाहेर टाकता येत नाही. विशेषतः गाडी पहिल्या गिअरमध्ये दगडांतून रांगत असताना, जेव्हा इंजिन जोरात आणि वारा शून्य असतो. पाणी आलं ते तिथल्यासाठी.

आता हीच आकडेमोड लडाखला नेऊन पाहा. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं; मोजणीत उंची साधारण १७,५८० फूट भरते. (पाटीशेजारी फोटो काढणाऱ्यांना या आठशे फुटांचं दुःख होताना मी पाहिलेलं नाही.) दोन्हींपैकी काहीही धरा, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला जेवढी हवा तेवढीच ताकद. म्हणजे जुन्या हिमालयनच्या २४ घोड्यांतले वर पोचतात बारा-तेरा. तेवढ्यावर १९९ किलोची गाडी, चालवणारा, मागचा आणि दोन्ही बाजूंच्या पेट्या ओढायच्या. नवी तिथे वीस-एकवीस घोडे घेऊन पोचते, म्हणजे जुनी मुंबईत जेवढी असते जवळपास तेवढी. चाळीस अश्वशक्ती हा हायवेवर शंभर-दीडशेने पळण्याचा आकडा समजून ‘साहसी गाडीला एवढी ताकद कशाला’ असं विचारणारे ही उंचीची वजाबाकी विसरतात.

शिवाय पहिली हिमालयन कार्ब्युरेटरवर आली होती. कार्ब्युरेटरला उंची कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल सोडतच राहतो, प्लग काळे पडतात आणि इंजिन खोकू लागतं. पुढच्याच वर्षी फ्युएल इंजेक्शन आलं. नवीत त्यापुढचा टप्पा आहे: थ्रॉटलची तारच नाही, मूठ फिरवली की सेन्सर इंजिनाला निरोप देतो.

दुसरा वाद स्ट्रोकचा, आणि चहाच्या टपरीवर तो पाण्याहून जास्त रंगतो. जुन्या इंजिनात पिस्टनचा व्यास ७८ मिलिमीटर आणि प्रवास ८६. लांब स्ट्रोक. नव्यात व्यास ८४ आणि प्रवास ८१.५. आखूड स्ट्रोक. ‘लाँग स्ट्रोक गेला म्हणजे टॉर्क गेला’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ते चुकीचं आहे. स्ट्रोक लांब असला की क्रँकचा दांडा लांब होतो हे खरं, पण तेवढ्याच सीसीसाठी पिस्टन बारीक करावा लागतो, त्यामुळे त्यावर पडणारा जोरही घटतो. गुणाकार तोच राहतो. रुंद पिस्टनचा खरा फायदा वेगळा आहे: वर मोठे व्हॉल्व्ह बसवायला जागा मिळते, म्हणून इंजिन वरच्या फेऱ्यांना मोकळा श्वास घेतं. आणि आखूड प्रवासामुळे पिस्टनचा वेग आवाक्यात राहतो. नव्यात आठ हजार फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २२ मीटर येतो. जुन्याच स्ट्रोकवर तेवढ्या फेऱ्या मारल्या असत्या तर तो २३च्या घरात गेला असता. जुन्या इंजिनाला हे झेपलं नसतं, कारण ते अशा कामासाठी बनवलेलंच नव्हतं.

मग ज्यांनी दोन्ही चालवल्या ते ‘नवी खालच्या फेऱ्यांना ओढत नाही’ असं का म्हणतात? कंपनीचा दावा आहे की ९० टक्के टॉर्क तीन हजार फेऱ्यांवर हजर असतो. म्हणजे ३६ न्यूटन-मीटर, जुन्याच्या कमाल आकड्याहून जास्त. तरी तक्रार पूर्ण काल्पनिक नाही. जुन्या इंजिनात फिरणारं वजन जास्त जाणवतं. फेऱ्या हजार-बाराशेवर आल्या तरी ते वजन फिरत राहायचं आणि इंजिन बंद पडू द्यायचं नाही. क्लच न धरता दगडावरून डुगडुगत जायची सवय लागलेल्या माणसाला नवी गाडी चटकन रुसते. तिला गिअर एक खाली हवा असतो आणि क्लचवर दोन बोटं. क्लच स्लिप-असिस्ट असल्याने हलका आहे, उतारावर धाडकन गिअर पाडला तरी मागचं चाक घसरत नाही, आणि गिअर आता पाचऐवजी सहा आहेत. ही सवय बदलायला वेळ लागतो, पण दोष स्ट्रोकच्या माथी मारू नये.

मला या गाडीतलं सर्वांत विचारपूर्वक काम वाटतं ते इंजिनाबाहेरचं. जुनीची फ्रेम इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सने आखलेली होती आणि इंजिन तिच्यात पाळण्यासारखं बसायचं. नवीत पोलादी नळ्यांची दोन दांड्यांची फ्रेम आहे आणि इंजिन स्वतःच तिचा भार उचलणारा भाग आहे. खालच्या नळ्या गेल्या, वजन वाचलं. म्हणूनच रेडिएटर, पंखा, कूलंट, दोन कॅमशाफ्ट आणि १५ऐवजी १७ लिटरची टाकी घेऊनही गाडी १९६ किलोची आहे, जुनीपेक्षा थोडी हलकीच. किंमत अशी की दगडाचा मार आता नळीने नव्हे तर इंजिनाखालच्या पत्र्याने झेलायचा आहे. तो पत्रा दुय्यम समजू नका.

पुढे शोवाचा ४३ मिलिमीटरचा उलटा फोर्क. जाड नळी वर, बारीक खाली, त्यामुळे हँडलपाशी पकड घट्ट राहते. चाकाची हालचाल २०० मिलिमीटर, पुढे आणि मागेही. जुनीत मागे १८० होती. मागचा मोनोशॉक लिंकेजवर बसवलेला आहे. छोट्या खड्ड्यात तो मऊ राहतो आणि मोठ्यात कडक होत जातो. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर याच्या उलट वाटेने जाते. तिचा शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला असतो, मध्ये लिंकेज नाही. सुटे भाग कमी, देखभाल कमी, पण तो मऊ-कडक खेळ स्प्रिंग आणि तेलालाच सांभाळावा लागतो. वरंधा घाटासारख्या वाटेवर पावसाळाभर फिरणाऱ्याने हिमालयन घेतली, तर लिंकेजच्या बेअरिंगमध्ये पाणी आणि चिखल जाणार हे धरून चालावं आणि पावसाळा संपला की तिथे ग्रीस भरून घ्यावं.

केटीएमचंच आणखी एक सांगतो. तिची जुनी ३७३ सीसीची ॲडव्हेंचर पुढे १९ इंची चाकावर यायची. २०२५ची ३९९ सीसी, ४६ अश्वशक्तीची नवी २१ इंची चाकावर आली. हिमालयन पहिल्या दिवसापासून २१वर होती. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावर सोपं चढतं. वळणात मात्र थोडं आळशी. या एका मुद्द्यावर चेन्नईच्या रॉयल एनफील्डने आधी सांगितलं आणि चाकणच्या केटीएमने नंतर मानलं, असं म्हणायला हरकत नाही.

चाकांवरून आणखी एक भांडण झालं, आणि तिथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. तारांची चाकं मार खाऊन वाकतात, पण फुटत नाहीत, म्हणून साहसी गाडीला तीच हवीत. पण साध्या चाकात तारा रिमच्या मधोमध ओवलेल्या असतात, त्या भोकांतून हवा जाते, म्हणून ट्यूब लागते. आणि ट्यूब पंक्चर झाली की चाक काढणं आलं. तारा रिमच्या कडेला बाहेरून ओवल्या तर ट्यूबशिवाय टायर चालतो. ही चाकं हिमालयनला मिळाली, पण विक्री सुरू झाल्यावर बऱ्याच काळाने, वेगळे पैसे मोजून. एवढ्या विचाराने केलेल्या गाडीत हे पहिल्या दिवशी असायला हवं होतं.

उंचीचं सांगायलाच हवं. जुनी सीट ८०० मिलिमीटर होती, नवी ८२५, आणि ती ८४५पर्यंत वर घेता येते. मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकणार नाहीत. कमी उंचीची सीट वेगळी मिळते, ती बसवून पाहावी. हँडलवरच्या बटणाने मागच्या चाकाचा एबीएस बंद करता येतो. खडीच्या उतारावर ते करावंच, नाहीतर ब्रेक दाबूनही गाडी खाली सरकत राहते. पुढचा चालूच राहतो, आणि ते बरं आहे.

आता रेडिएटरच्या मूळ आक्षेपाकडे. पुढच्या चाकाने उडवलेला दगड त्याच्या जाळीला लागू शकतो, म्हणून आधी जाळीचं गार्ड बसवा आणि पेटीत कूलंटची छोटी बाटली ठेवा. थ्रॉटलची तार गेल्याने तुटण्याची एक जागा कमी झाली. क्लचची वायर मात्र आहे तशीच आहे. जुने लोक दुसरी वायर पहिलीच्या शेजारूनच ओढून टेपने बांधून ठेवायचे, म्हणजे तुटली की फक्त दोन्ही टोकं जोडायची. नव्या गाडीतही तिला टाकीखालून न्यायला जागा आहे का, हे घरीच पाहून घ्या.