वरखाली विस्तव

बेळगाव-निपाणीच्या सरहद्दीवरील मुलखात, जेथे मटणाच्या रश्श्यावरून पाहुणचाराची प्रत ठरते, तेथे खिम्याच्या भानोल्याचे नाव काढले की पहिला आक्षेप येतो तो असा, की हा छावणीतल्या साहेबांचा पदार्थ असून ज्याच्या घरी विजेची भट्टी नाही त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. आक्षेपाचे दोन्ही भाग निराधार आहेत. ‘खिमा’ हा शब्द बारीक चिरणे या अर्थाच्या तुर्की धातूपासून फारसीवाटे आपल्याकडे आला, आणि भानोले हे मुंबईकडील पाठारे प्रभू व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांचे जुने वैभव, जे पातेल्याखाली मंद आणि झाकणावर सढळ निखारे ठेवून होत असे. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील मलायी मुसलमानांची ‘बोबोटी’, जिच्यावर अंडे आणि दूध ओतून ती भाजतात, ही त्याची दूरची बहीण म्हणावी.

झाकणावरील विस्तव हा निव्वळ जुन्या बायकांचा सोस नव्हे. साध्या झाकणाला लागलेली वाफ थंड होऊन पाण्याच्या थेंबांनी परत खिम्यावर ठिबकते आणि भाजण्याऐवजी तो उकडतो. तापलेल्या झाकणावर मात्र पाणी जमत नाही, म्हणून वरचा थर कोरडा होत होत तांबूस पडतो. नुसते झाकण ठेवून मंद आचेवर शिजवले की भाजणे झाले, हा समज त्यामुळे सपशेल खोटा. भट्टी असलीच, तर 180 अंश सेल्सिअसवर अर्ध्या किलोच्या भानोल्यास सुमारे 40 मिनिटे पुरतात.

तिखटाविषयीचा समज तर फारच रूढ. रंग जितका लाल तितके तिखट जहाल, असे मानणाऱ्याने हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीची मिरची एकदा दळून पाहावी: गडद लाल, पण जिभेला सौम्य. रंग आणि तिखटपणा ही मिरचीतील दोन वेगवेगळ्या द्रव्यांची कामे आहेत. म्हणूनच आमच्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसणाचा मसाला, करताना रंगासाठी ब्याडगी आणि झणक्यासाठी निपाणीहून बेळगावला येताना वाटेत लागणाऱ्या संकेश्वरची मिरची, असा समेट करतात.

खिमा मऊ व्हावा म्हणून धरला जाणारा कच्च्या पपईचा आग्रह मी मोडीत काढतो. सुरीने जे काम आधीच केले, तेच पपईतील पाचकाकडून पुन्हा करवले की वडी न धरता लगदा होतो.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र थट्टा नको. खिमा नळाखाली धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर मोरीभर पसरतात. आणि अखंड तुकड्यात जे जंतू बहुधा पृष्ठभागावरच असतात, ते खिमा करताना आतवर मिसळतात. धुवायचेच असेल तर हात, पाट आणि सुरी धुवावी, आणि खिमा शक्यतो त्याच दिवशी शिजवावा. आतला गुलाबीपणा गेला म्हणजे शिजला, हा निवाडाही ग्राह्य नाही, कारण खिमा कधीकधी पुरेसा तापण्याआधीच तपकिरी होतो. खरा पुरावा एकच: मध्यभागी 71 अंश सेल्सिअस. तापमापक घरात नसेल तर मध्यभागी सुरी खुपसून ती चांगली चटका देणारी निघते का आणि पाझरणारा रस स्वच्छ आहे का, ते पाहावे. ही खूण तापमापकाइतकी बिनचूक नव्हे, म्हणून शंका आल्यास झाकणावर आणखी दहा मिनिटे निखारे राहू द्यावेत.