आसरांच्या सात शिळा

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंतचे दहा दिवस म्हणजे गंगादशहरा. भगीरथाच्या तपश्चर्येने स्वर्गीची गंगा याच दशमीस भूतली अवतरली, असे आपली परंपरा सांगते. गोदातीरीच्या गंगाखेडासारख्या क्षेत्री या दिवसांत घाटावर दीप लागतात, पूजा होते, कीर्तने होतात. जेथे नदी नाही तेथे गावची विहीरच गंगा होते. भाविकाच्या दृष्टीने यात उणे काहीच नाही. घरच्या कलशात आपण सात नद्यांना आवाहन करतो, मग विहिरीत गंगा येण्यास कोणती आडकाठी?

परभणीहून जिंतूरकडे जाताना वाटेत झरी हे गाव लागते. अमरकोशात ‘निर्झर’ या शब्दाशेजारीच ‘झर’ हा शब्द आहे. त्याच कुळातला हा गोड मराठी शब्द. जलाचे नाव अंगावर वागविणारी अशी गावे आपल्याकडे कितीतरी आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मी झरीला कीर्तनासाठी गेलो होतो. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. परतताना वाटेतल्या एका शिवारात कोरड्या पडलेल्या जुन्या विहिरीच्या काठी शेंदूर लावलेल्या सात शिळा दिसल्या. एक वृद्ध माउली त्यांना कळशीतील पाण्याने स्नान घालीत होती. ते पाणी टँकरचे होते. मी सहज विचारले, “मावशी, पाण्याची एवढी टंचाई, आणि देवीला अख्खी कळशी?” ती म्हणाली, “महाराज, तिनं जलमभर आम्हाला पाजलं. आता तिच्यावरच वेळ आली, तर आपण पाजायचं नाय का?”

शास्त्राचा अभ्यास करण्यात माझे आयुष्य गेले. परंतु या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

त्या सात शिळा म्हणजे साती आसरा. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’ या शब्दाचेच लोकांच्या जिभेवर घडलेले रूप होय. अप् म्हणजे पाणी. पाण्यात संचार करणारी ती अप्सरा, असा अर्थ निरुक्तकार यास्कानेही दिला आहे. म्हणजे जिला आपण इंद्रसभेतील नर्तकी समजतो, ती मुळात झऱ्याची, डोहाची देवता. ऋग्वेदात ‘आपः’ या जलदेवतांची स्वतंत्र सूक्ते आहेत. त्यांना माता म्हटले आहे, आणि दहाव्या मंडलातील त्यांचे सूक्त आजही संध्येच्या मार्जनात म्हटले जाते. खेड्यातील बाई हिरवा खण, बांगड्या आणि दहीभात घेऊन विहिरीवर जाते, तेव्हा ती मंत्रावाचून तेच कर्म करीत असते.

ही श्रद्धा केवळ भारतभूमीचीच नव्हे. पश्चिम युरोपात प्राचीन काळी केल्ट नावाचे लोक राहत. इंग्लंडातील बाथ या गावी उष्ण पाण्याचा एक मोठा झरा आहे. तेथे त्यांची सुलिस नावाची देवी नांदत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन आले. त्यांनी देवी उखडून टाकली नाही. आपल्या मिनर्व्हा देवीशी तिचे ऐक्य मानले आणि झऱ्याजवळ भव्य मंदिर उभारले. आपल्याकडे ग्रामदेवतेला पार्वतीचे रूप मानतात, तशातलाच हा प्रकार. १९७९-८० मध्ये त्या कुंडाचे उत्खनन झाले. तळाशी हजारो नाणी निघाली आणि शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेली गाऱ्हाणीही! कोणाचे पांघरूण चोरीस गेले, कोणाचे हातमोजे. चोराला शासन कर, असे देवीला विनविलेले. देवीपुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना यात परके काय वाटेल?

फ्रान्समध्ये सेन नदीच्या उगमाशी सेक्वाना देवीचे स्थान होते. तिची कांस्यमूर्ती बदकाच्या आकाराच्या नावेत उभी आहे. आपली गंगा मकरावर आरूढ असते, त्याची आठवण व्हावी. व्याधिग्रस्त भक्तांनी तिला वाहिलेले लाकडी हात, पाय, डोळे उत्खननात सापडले आहेत. आपल्या देवस्थानांत नवसाचे चांदीचे डोळे वाहतात, ते आणखी कशासाठी?

आयर्लंडातील बॉइन नदीच्या नावाचा मूळ अर्थ ‘श्वेत धेनू’ असा आहे. त्यातील गाईचा शब्द आणि आपला ‘गो’ हे एकाच मुळातून फुटलेले आहेत. इकडे गौतमऋषींच्या हातून गाय गतप्राण झाली आणि तिच्यासाठी गोदावरी आली, अशी कथा. तिकडे नदीचे नावच गाय. म्हणून दोन्ही कथा एकच, असे विधान करण्याची घाई विवेकी माणसाने करू नये. एवढे मात्र खरे की, धरणीतून आपोआप वर येणारे पाणी पाहून दोन्हीकडच्या माणसांना आईच आठवली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाथची देवी सुलिस आज पूजेवाचून आहे. तिचे मंदिर ढासळले, मूर्तीचे सोनेरी मुलाम्याचे मस्तक १७२७ मध्ये जमिनीखाली सापडले, ते आता संग्रहालयात आहे. परंतु झरा मात्र आजही दिवसाला अकरा लाख लिटरांहून अधिक ऊन पाणी देतो. देवी गेली, पाणी राहिले. आपल्याकडे याच्या उलट आहे. आसरांना शेंदूर आहे, खण आहे, नैवेद्य आहे; पाणीच नाही. या दोन स्थितींपैकी अधिक शोचनीय कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

मराठवाड्याची भूमी काळ्या पाषाणाची. पावसाचे पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते, तेच झऱ्यावाटे आणि आडविहिरींतून आपल्याला मिळते. हा साठा उथळ आणि मोजका. शेजारी शेकडो फूट खोल विंधनविहिरी पाडून आपण तो उपसला, आणि ओढे-विहिरी गाळाने व कचऱ्याने बुजविल्या. दोष ग्रहांचा नाही. ज्या विहिरीत निर्माल्याच्या पिशव्या तरंगतात, तिच्या काठी ओटी भरून देवी प्रसन्न कशी व्हावी? पूर्वजांनी शिळा पाण्याच्या काठी मांडल्या, त्या पाण्याचे ठिकाण राखण्यासाठी. शिळा ही खूण. देवता जलात आहे.

आशेला जागा आहे. याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव गाळाने भरली होती. गावकऱ्यांनी अंगमेहनतीने ती मोकळी केली. ते काम मला कोणत्याही महापूजेहून कमी वाटत नाही.

दशहरा म्हणजे दहा पापांचे हरण: कायेची तीन, वाचेची चार, मनाची तीन. या व्रतात दहा फुले, दहा दीप, दहा फळे, सारे दहाच्या संख्येने अर्पण करण्याची रीत आहे. माझी प्रत्येक घराला हात जोडून विनंती आहे की, यंदा त्यात एका उपचाराची भर घालावी. आपल्या गावच्या विहिरीतला, बारवेतला किंवा झऱ्याच्या तोंडावरचा दहा घमेली गाळ घरटी काढावा, आणि मग ओटी भरावी.

त्या माउलीने आपल्या वाट्याची कळशी देवीला दिली. तिचे ऋण फेडायचे, तर आसरांना पुन्हा त्यांच्याच झऱ्याचे स्नान घडले पाहिजे.