गणवेशातील आरोग्यसेवा आणि निवृत्तीचे गणित

सेवानिवृत्ती हा शब्द उच्चारताच आपल्याकडे साठीचा उंबरठा डोळ्यांसमोर उभा राहतो. काही सेवांमध्ये मात्र हे गणित वयापेक्षा सेवेच्या वर्षांवर अधिक अवलंबून असते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील गणवेशधारी अधिकाऱ्यांची सेवा ही त्यांपैकीच एक. तेथील निवृत्तीचे नियम दूरदेशीचे असले, तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न प्रत्येक नोकरदाराच्या घरातील आहे: ठरलेला पल्ला गाठण्यापूर्वीच ज्याला थांबावे लागते, त्याच्या पदरात काय पडते?

वेतनकपातीतून जन्मलेली सेवा

या सेवेचा उगम १६ जुलै १७९८ रोजी झाला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी आजारी व अपंग खलाशांच्या साहाय्यार्थ केलेल्या कायद्यावर स्वाक्षरी केली. व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या वेतनातून दरमहा २० सेंट कापून घ्यावयाचे आणि त्या निधीतून त्यांच्या उपचारांची व्यवस्था करावयाची, अशी ती योजना होती. १८७१ मध्ये डॉ. जॉन वुडवर्थ यांच्याकडे या रुग्णालयांची सूत्रे आली. त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लष्करी धर्तीवर गणवेश व शिस्त दिली. १८८९ च्या कायद्याने या अधिकारीवर्गाला, म्हणजेच ‘कमिशन्ड कोअर’ला, रीतसर मान्यता मिळाली आणि १९१२ मध्ये संपूर्ण खात्याला ‘पब्लिक हेल्थ सर्व्हिस’ हे नाव प्राप्त झाले.

डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, औषधनिर्माते, पशुवैद्यक, अभियंते अशा विविध व्यावसायिकांचा या दलात समावेश आहे. हे अधिकारी शस्त्र धारण करीत नाहीत. मूळनिवासींच्या वस्त्यांमधील दवाखाने, संघराज्याचे तुरुंग, रोगनियंत्रण केंद्रे आणि औषध प्रशासन ही त्यांची कार्यक्षेत्रे होत. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा लायबेरियातील मनरोव्हियाजवळ बाधित आरोग्यसेवकांवर उपचार करण्याचे काम याच दलाने केले. दलाचे नेतृत्व सर्जन जनरलकडे असते आणि त्यांना व्हाइस अ‍ॅडमिरलचा हुद्दा असतो. भारतीय वंशाचे डॉ. विवेक मूर्ती यांनी हे पद दोन वेळा भूषविले आहे.

वीस वर्षांची रेषा

हे दल अमेरिकेच्या आठ गणवेशधारी सेवांपैकी एक असल्याने त्याची वेतनश्रेणी व निवृत्तीची सूत्रे सैन्यदलांप्रमाणेच आहेत. वयाची कमाल मर्यादा ६४ वर्षे. ज्या महिन्यात हे वय पूर्ण होते, त्याच्या पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेला अधिकारी निवृत्त होतो. मात्र बहुतेकांचे लक्ष असते ते दुसऱ्या मर्यादेकडे. किमान २० वर्षांची सक्रिय सेवा झाल्यावर अधिकाऱ्याला स्वेच्छेने निवृत्तीसाठी अर्ज करता येतो आणि निवृत्तिवेतन तत्काळ सुरू होते. पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला अधिकारी पंचेचाळिसाव्या वर्षीच निवृत्तिवेतनधारक होऊ शकतो, तो यामुळेच.

निवृत्तिवेतनाचे सूत्र सोपे आहे. ८ सप्टेंबर १९८० पूर्वी सेवेत आलेल्यांसाठी अखेरचे मूळ वेतन विचारात घेतले जाई. त्यानंतर आलेल्यांसाठी सर्वाधिक वेतनाच्या ३६ महिन्यांची सरासरी हा पाया ठरला. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे या पायाचे अडीच टक्के, असा जुन्या पद्धतीचा सर्वसाधारण हिशेब. समजा, ही सरासरी दरमहा ८,००० डॉलर आहे. २० वर्षांच्या सेवेला ५० टक्के, म्हणजे ४,००० डॉलर. ३० वर्षांना ७५ टक्के, म्हणजे ६,००० डॉलर.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. हा हिशेब केवळ मूळ वेतनावर होतो. निवासभत्ता आणि डॉक्टरांना मिळणारी विशेष वेतने त्यात धरली जात नाहीत. त्यामुळे ‘निम्मे वेतन’ असे म्हटले, तरी प्रत्यक्षात हाती येणाऱ्या रकमेच्या ते निम्म्याहून बरेच कमी भरते. ज्याने आपला घरखर्च एकूण प्राप्तीवर बेतलेला आहे, त्याला निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात ही तफावत जाणवते.

एकोणिसाव्या वर्षाचे दुःख

जुन्या पद्धतीची उदारता वीस वर्षांच्या रेषेपलीकडे होती. रेषेच्या अलीकडे, अपंगत्वासारखे अपवाद वगळता, निवृत्तिवेतन शून्य. आई-वडिलांचे आजारपण, जोडीदाराची दूरची नोकरी, वारंवारच्या बदल्या अशा कारणांनी जो बाराव्या, पंधराव्या वा एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडे, त्याला शासनाच्या निवृत्तिवेतनातील कपर्दिकही मिळत नसे. सैन्यदलांत दाखल होणाऱ्या पाचांपैकी सुमारे चार जण अशा रीतीने निवृत्तिलाभाविना बाहेर पडत, असे तेथील संरक्षण खात्याचेच म्हणणे होते.

या विषमतेवर उपाय म्हणून १ जानेवारी २०१८ पासून मिश्र निवृत्तियोजना लागू झाली. त्या दिवसापासून सेवेत येणाऱ्या सर्वांना ती बंधनकारक आहे. ज्यांची सेवा २०१७ अखेर १२ वर्षांहून कमी होती, त्यांना २०१८ या वर्षात निवड करण्याची मुभा होती. या योजनेत प्रतिवर्षाचा दर अडीचवरून दोन टक्क्यांवर आला. वरील उदाहरणातील अधिकाऱ्याला २० वर्षांनंतर ४,००० ऐवजी ३,२०० डॉलर मिळतील.

या घटीच्या बदल्यात ‘थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन’ या बचत निधीत शासन भर घालते. सेवेच्या ६० दिवसांनंतर मूळ वेतनाच्या एक टक्का रक्कम आपोआप जमा होते. दोन वर्षांनंतर अधिकाऱ्याच्या स्वतःच्या वर्गणीशी निगडित आणखी चार टक्क्यांपर्यंत भर पडते. अधिकाऱ्याने पाच टक्के घातले, तर शासनाचेही एकूण पाच टक्के मिळतात. त्याने काहीच घातले नाही, तर एका टक्क्यावरच समाधान मानावे लागते. सेवेच्या मध्यावर आणखी काही वर्षे थांबण्याची हमी देणाऱ्यास मासिक मूळ वेतनाच्या किमान अडीच पट रक्कम एकदाच दिली जाते.

मध्येच बाहेर पडणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल केवढा आहे, ते आकड्यांनीच पाहू. सरासरी मूळ वेतन ५,००० डॉलर असलेल्या अधिकाऱ्याने पहिल्या दिवसापासून पाच टक्के वर्गणी भरली आणि तो १२ वर्षांनी बाहेर पडला, तर स्वतःची व शासनाची मिळून सुमारे ६७,००० डॉलरची मुद्दल त्याच्या खाती असेल. गुंतवणुकीवरील वाढ वा घट वेगळी. जुन्या पद्धतीत शासनाच्या वाट्याचे काहीच हाती आले नसते. मात्र बाजारातील चढउतारांची जोखीम आणि नियमित वर्गणीची जबाबदारी आता अधिकाऱ्याच्या खांद्यावर आली आहे.

मागे राहणाऱ्यांचे काय?

निवृत्तिवेतन हे अधिकाऱ्याच्या हयातीपुरतेच असते. त्याच्या निधनाबरोबर ते थांबते. म्हणून ‘सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅन’ ही ऐच्छिक योजना आहे. निवडलेल्या पायाभूत रकमेच्या साडेसहा टक्के दरमहा भरल्यास जोडीदारास त्या रकमेच्या ५५ टक्के आजीव मिळतात. ४,००० डॉलरच्या पायावर मासिक हप्ता २६० डॉलर, तर जोडीदाराचे वेतन २,२०० डॉलर. विवाहित अधिकाऱ्याला पूर्ण संरक्षण नाकारावयाचे असेल, तर जोडीदाराची संमती आवश्यक असते. घरातील या निर्णयाला दोन स्वाक्षऱ्या लागाव्यात, ही तरतूद अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडेही अशा रेषा आहेत. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. केंद्र शासनाच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता नवी अंशदायी पद्धती आली आणि १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतनाचा पर्यायही उपलब्ध झाला. योजनांची नावे निराळी असली, तरी प्रत्येकाने विचारावयाचे प्रश्न तेच आहेत. आपले निवृत्तिवेतन कोणत्या वेतनावर मोजले जाणार? उद्या नोकरी सोडावी लागली, तर हाती काय येईल? मालकाच्या वाट्याची पूर्ण रक्कम मिळावी, एवढी वर्गणी आपण भरतो काय? आणि आपल्या पश्चात जोडीदाराला काय मिळेल, हे त्याला वा तिला ठाऊक आहे काय?

राजीनामा लिहून झाल्यावर या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरी त्यांचा उपयोग उरत नाही. नोकरीचे पत्र हाती पडेल त्याच आठवड्यात नियमपुस्तिका उघडावी, नामनिर्देशन भरावे आणि जोडीदारासह बसून हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. पुढे पगारवाढ, बदली वा घरातील नवे पाऊल, अशा प्रत्येक प्रसंगी तोच कागद पुन्हा तपासून पाहावा.