हेन्री ब्लेक घरी पोचलाच नाही: ‘मॅश’च्या एका भागावर प्रेक्षक एवढे का चिडले?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. आणि हो, आज स्पॉयलर आहे. पण ज्या भागाबद्दल बोलणार आहोत तो १९७५ सालचा आहे, त्यामुळे रागावू नका. त्या वेळी ज्यांनी तो पहिल्यांदा बघितला, त्यांना कुणीच स्पॉयलर दिला नव्हता. सगळा घोळ तिथेच झाला.

१८ मार्च १९७५, मंगळवार, रात्री साडेआठ. अमेरिकेतल्या सीबीएस चॅनेलवर ‘मॅश’च्या तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग लागला. जेवणाची वेळ, घरात लहान मुलं, सगळे हसायला बसलेले. अर्ध्या तासानं कित्येक घरांत लोक गप्प बसून होते. मग पत्रं यायला लागली. ती हजाराच्या वर गेली असं सांगतात, आणि त्यातली बरीचशी रागाची होती.

ज्यांना ‘मॅश’ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅश म्हणजे अमेरिकन लष्कराचं फिरतं शस्त्रक्रिया रुग्णालय. आघाडीच्या अगदी जवळ, तंबूंत. काळ १९५० ते ५३ च्या कोरियन युद्धाचा. (त्याच युद्धात भारताचंही एक वैद्यकीय पथक होतं बरं का. साठावं पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. त्यांच्यावर वेगळा एपिसोड व्हायला हवा.) आधी एका आर्मी सर्जननं टोपणनावानं लिहिलेली कादंबरी आली, मग १९७० चा सिनेमा आणि १९७२ पासून मालिका. दाखवायचे कोरिया, पण बघणाऱ्यांच्या डोक्यात असायचं व्हिएतनाम. ते युद्ध तेव्हा संपलेलं नव्हतं.

हेन्री ब्लेक हा या रुग्णालयाचा प्रमुख. कर्नल असला तरी कडक बिडक काही नाही. टोपीला मासे पकडायचे गळ लावलेले, निर्णय घ्यायची वेळ आली की गोंधळ, आणि कागद सगळे त्याचा कारकून रडार सांभाळणार. मॅक्लीन स्टीव्हन्सन हा नट ही भूमिका करायचा. त्याला मालिका सोडून स्वतःचं काहीतरी करायचं होतं, म्हणून हेन्रीला निरोप देणं भाग होतं.

भागाचं नाव ‘ॲबिसिनिया, हेन्री’. इंग्रजीतलं ‘पुन्हा भेटूच’ हे वाक्य घाईघाईत म्हटलं की ‘ॲबिसिनिया’सारखं ऐकू येतं, तो जुना बोलीतला विनोद. हेन्रीची ड्युटी संपते, घरी जायची ऑर्डर येते. मित्र त्याला पार्टी देतात, नवा सूट भेट देतात. हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी तो सॅल्यूट ठोकून उभ्या असलेल्या रडारकडे परत येतो आणि त्याला मिठी मारतो. एकदम गोड निरोप. इथे संपला असता तरी कुणी तक्रार केली नसती.

पण अजून एक सीन होता. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर काम करताहेत. रडार मास्क न लावताच आत येतो आणि हातातला निरोप वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. बास. कुणी मोठ्यानं रडत नाही. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात आणि हात काम करत राहतात, कारण टेबलावर जखमी आहेत.

निर्माते जीन रेनॉल्ड्स आणि हा भाग दिग्दर्शित करणारे लॅरी गेलबार्ट यांनी हे पान लपवून ठेवलं होतं. ॲलन आल्डा, म्हणजे मालिकेतला हॉकआय, याला माहीत होतं. बाकीच्या नटांना उरलेलं शूटिंग झाल्यावर हातात कागद मिळाला. सीन दोनदा शूट झाला. दुसऱ्या वेळी कुणाच्या तरी हातातून एक अवजार खाली पडलं. स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं. गेलबार्टनी ते तसंच ठेवलं.

आता प्रेक्षकांचं म्हणणं बघू. राग एकच असला तरी त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिली: विनोदी मालिकेत मरण कशाला? ही मला सगळ्यात कच्ची वाटते. कारण दोन वर्षं आधी, जानेवारी १९७३ मध्येच, हॉकआयचा जुना मित्र त्याच्या टेबलावर मरतो असा भाग येऊन गेला होता. त्या भागात हॉकआयला समजावतं कोण? हेन्री ब्लेक. युद्धाचा पहिला नियम तरुण पोरं मरतात, आणि दुसरा नियम डॉक्टरला पहिला नियम बदलता येत नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. म्हणजे ज्याच्या मरणावर लोक चिडले, त्यानंच ते आधी सांगून ठेवलं होतं.

दुसरी तक्रार: आम्हाला फसवलं. ही मात्र खरी आहे. सिटकॉमचं आणि बघणाऱ्याचं एक न बोललेलं ठरलेलं असतं की शेवटी सगळं जागेवर येणार. त्यात ‘मॅश’मध्ये हसण्याचा रेकॉर्डेड आवाज असायचा. लेखकांना तो नको होता, चॅनेलला हवा होता. तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरच्या सीनमध्ये हसू टाकायचं नाही. त्यामुळे रडार आत येतो तेव्हा शांतता असते, पण ती नेहमीचीच शांतता. आता काहीतरी वाईट होणार हे सांगणारी एकही खूण नाही. बीबीसी तर ब्रिटनमध्ये ही मालिका त्या हसण्याशिवायच दाखवायची. पण अमेरिकेतल्या घरांत दोन मिनिटांपूर्वीपर्यंत हशा चालू होता. फसवणूक होतीच. घरी तार येते तेव्हाही आधी पार्श्वसंगीत वाजत नाही, एवढंच निर्मात्यांच्या बाजूनं म्हणता येईल. मला ते पुरेसं वाटतं. पण शेजारी आठ वर्षांचं पोर बसलेल्या आईला ते पटलं नसेल, तर तिचं काय चुकलं?

तिसरी तक्रार: नट सोडून चालला म्हणून त्याच्यावर सूड उगवला. ही शंका आपल्याला लगेच कळते. मराठी मालिकांत नट गेला की एक तर ‘यापुढे ही भूमिका अमुक साकारतील’ अशी पट्टी येते, नाही तर पात्र अचानक परदेशी जातं. कधी फोटोला हार. पण इथे एक गंमत बघा. त्याच सीझननंतर ट्रॅपरचं काम करणारा वेन रॉजर्सही मालिका सोडून गेला. त्याच्या पात्राला मारलं नाही. सप्टेंबर १९७५ मध्ये नवा सीझन सुरू झाला तेव्हा ट्रॅपर घरी निघून गेलेला असतो, हॉकआयला भेटतसुद्धा नाही. जिवंत घरी गेलेला ट्रॅपर आणि न पोचलेला हेन्री, यांत लोकांच्या लक्षात कोण राहिलं ते सांगायला नको. सूड असा घेतात का?

गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स यांनी बऱ्याच पत्रांना स्वतः उत्तरं लिहिली असं सांगतात. आजच्यासारखं कॉमेंट ऑफ करून बसले नाहीत. आणि या सगळ्या गोंधळात, भाग लागल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ४ एप्रिलला सायगावजवळ अनाथ मुलांना घेऊन निघालेलं अमेरिकन लष्कराचं विमान कोसळलं. शंभरावर माणसं गेली, त्यातली बरीचशी लहान मुलं. ३० एप्रिलला सायगाव पडलं. ज्यांनी हेन्रीसाठी पत्र लिहिलं, त्यांनी त्या आठवड्यात बातम्या कशा बघितल्या असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

स्टीव्हन्सनच्या पुढच्या मालिका फारशा चालल्या नाहीत. लोकांचं प्रेम आपल्यावर नव्हतं, हेन्री ब्लेकवर होतं, असं तो नंतर म्हणायचा. १५ फेब्रुवारी १९९६ ला तो गेला. दुसऱ्याच दिवशी रॉजर बोवेन गेला. हा कोण? १९७० च्या सिनेमातला हेन्री ब्लेक.

हा भाग बघणार असाल तर कानात हेडफोन घाला आणि शेवटच्या सीनमध्ये मोबाइल बाजूला ठेवू नका. रडारचं वाचून झालं की शांततेत ते अवजार पडल्याचा आवाज येतो. फोनच्या स्पीकरवर तो निसटून जातो.