प्रेमाचं सर्वनाम

आपल्याकडे कॉलेजातल्या मुलीने एखाद्या मुलाला ‘दादा’ म्हटलं, की त्याने काय ते समजून घ्यायचं. थायलंडात नेमकी उलटी गत. तिथली मुलगी आपल्या प्रियकराला ‘फी’ म्हणते, आणि ‘फी’ म्हणजे थोरलं भावंड. तो तिला ‘नॉंग’ म्हणतो, म्हणजे धाकटं भावंड. लग्न झालं तरी ही हाक सुटत नाही.

बरं, हा ‘फी’ फक्त प्रियकरासाठी राखलेला असावा, तर तसंही नाही. ऑफिसातला वयाने मोठा सहकारी ‘फी’, टॅक्सीवाला ‘फी’. खाणावळीत ताटं आणणारी पोर ‘नॉंग’. मग प्रेयसीच्या ‘फी’त वेगळं काय? वेगळेपण असतं हाकेच्या शेपटाला. थाई वाक्याच्या टोकाला चिमुकली अव्ययं लागतात. परक्या माणसाशी बोलताना पुरुष ‘ख्रप’ लावतात, बायका ‘खा’ लावतात. माणूस जवळचं असलं, की त्या जागी येतं मऊसा ‘च’, किंवा हाक मारताना लांबवलेला ‘चा’. लेकरू आईला ‘मॅ चा’ म्हणतं, प्रेयसी ‘फी चा’ म्हणते. सारा जिव्हाळा त्या एका अक्षरात असतो. मराठी कानाला हे शिकवावं लागत नाही. ‘ऐक’ आणि ‘ऐक ना गं’ या दोहोंतलं अंतर आपण पाळण्यात असल्यापासून ओळखतो.

इंग्रजीत वाढलेला माणूस मात्र प्रेमाचा शब्द शोधतो तो नामांत. हनी, स्वीटहार्ट, डार्लिंग. ही सवय जुनी आहे. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या ‘मिलर्स टेल’मधला प्रेमवीरही खिडकीखाली उभा राहून प्रेयसीला मधाच्या पोळ्याची उपमा देतो. जर्मन माणसाची लाडकी ही ‘शाट्स’, म्हणजे खजिना. फ्रेंच तर तिला ‘माझी पिसू’ म्हणतात आणि ‘माझा छोटा कोबी’ही म्हणतात. मध, खजिना, पिसू: प्रिय माणसाला एखाद्या गोड, मोलाच्या किंवा इवल्याशा वस्तूचं नाव द्यायचं, ही तिकडची रीत.

माझा एक कयास आहे. इंग्रजीतलं ‘दाऊ’, म्हणजे आपलं ‘तू’, सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून मागे पडलं. राजा, शेजारी, बायको, कुत्रा, सगळ्यांना एकच ‘यू’ उरलं. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्यातला थरार त्या भाषेने गमावला, आणि जवळीक सांगण्याचं सगळं ओझं ‘हनी’वर पडलं. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी आपलं ‘तू’ जपूनही पिसू आणि खजिना सोडले नाहीत, त्यामुळे हा कयास सगळीकडे लागू पडत नाही, हे मला कबूल आहे. पण इंग्रजीपुरता तो मला पटतो.

थाईत सर्वनामांचा नुसता सुकाळ आहे. ‘मी’ किती, ‘तू’ किती! तरुण मुली आणि लहान मुलं स्वतःला ‘नू’ म्हणतात, म्हणजे उंदीर. पण मला सर्वांत आवडतं ते प्रेमात पडलेल्या पोरापोरींचं व्याकरण. ती एकमेकांना ‘तुआ-एंग’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वतः’. आणि स्वतःला म्हणतात ‘खाव’, म्हणजे ‘तो’ किंवा ‘ती’. प्रिय माणूस झालं ‘स्वतः’, आणि आपण झालो कुणीतरी तिसरं! इतका गाढ अर्थ तिथल्या बसथांब्यावर, फोनवर, आइस्क्रीम खाता खाता सहज बोलला जातो.

2018 साली थायलंडच्या ‘चॅनल 3’वर ‘बुप्पेसन्निवात’ ही मालिका आली. नावात आपल्या ओळखीचा ‘पूर्वसंनिवास’ दडलेला आहे: मागच्या जन्मीच्या सहवासाने जुळलेलं प्रेम. आजच्या काळातली मुलगी राजा नाराईच्या, म्हणजे नारायणाच्या, सतराव्या शतकातल्या अयुथयेत जाऊन पडते, अशी गोष्ट. तिथला नायक तिला ‘ऑ-चाव’ म्हणतो. हे ‘तू’साठीचं जुनं, वापरातून गेलेलं सर्वनाम. त्या वर्षी अख्ख्या देशाला ‘ऑ-चाव’चं वेड लागलं. एखादं सर्वनाम लोकांच्या जिवाला असं चटका लावून जातं, हे थाई भाषेतच घडू जाणे.

थाई घरातल्या पाश्चात्त्य जावयाची खरी तारांबळ उडते ती पुढच्या शब्दाने. बायको त्याला कौतुकाने ‘उअन’ म्हणते. अर्थ: लठ्ठ. ‘मू’, म्हणजे डुक्कर, हेही लाडाचंच. (स्पॅनिश माणसाला धक्का बसणार नाही, त्यांच्याकडेही ‘गोर्दो’, जाड्या, हा लाडाचाच शब्द.) थाई माणसाला जन्मतःच एक ‘छ्यू-लेन’, खेळातलं नाव, मिळतं आणि ते मरेपर्यंत टिकतं: कोप म्हणजे बेडूक, नोक म्हणजे पक्षी, लेक म्हणजे लहानगा. 2011 साली पंतप्रधान झालेल्या यिंगलक शिनावात्रा यांचं टोपणनाव ‘पू’, म्हणजे खेकडा, आणि वर्तमानपत्रंही ते खुशाल वापरत. जुनी समजूत अशी, की बाळाचं कौतुक केलं तर भुतं त्याला उचलून नेतील. म्हणून गोंडस बाळ पाहिलं की ‘ना क्लिअत ना छंग’ म्हणायचं, किती किळसवाणं, किती नकोसं! ज्यांच्या घराण्यात दगडू, धोंडू, केरबा, भिकू होऊन गेले, त्या आपल्याला याचा अर्थ कुणी वेगळा सांगायला नको. आधीची मुलं गेलेल्या आईने जीव मुठीत धरून ठेवलेली ती नावं होती.

थाईत ‘डार्लिंग’ला शब्दच नाही असं मात्र नाही. ‘थी-रक’, म्हणजे प्रिय, हा शब्द गाण्यांत आहे, जोडप्यांत आहे, आणि पट्टायाच्या बारमध्ये बसलेल्या पर्यटकाच्या कानावरही तोच पडतो. पाहुणा तो एक शब्द पाठ करतो आणि प्रेमाचं माप म्हणून वापरू लागतो. यातला ‘रक’ म्हणजे प्रेम, आणि ‘दॉक रक’ म्हणजे रुईचं फूल. ज्या रुईची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, तिचीच फुलं तिकडे नावासाठी लग्नाच्या हारात ओवतात.

ईशान्येकडे, उदोन थानी आणि खोन केनच्या बाजूला, गोऱ्या जावयाला ‘खोय फरंग’ म्हणतात. हा ‘फरंग’ म्हणजे आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊ. अशा घरात नवरा दर फोनच्या शेवटी ‘आय लव्ह यू’ ऐकायला आसुसलेला असतो, आणि बायकोने पहिल्याच वाक्यात विचारलेलं असतं, ‘किन खाव र् यांग?’, भात खाल्लास का? दोघांचंही चुकत नाही. तिकडे यॉर्कशरचा दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘लव्ह’ म्हणतो, बाल्टिमोरमध्ये वाढपीण ‘हन’ म्हणते. त्यांच्याकडे प्रेमाचा शब्द परक्यापर्यंत जातो. थायलंडात नात्याचा शब्द जातो.

औपचारिक थाईत नवरा ‘सामी’ आणि बायको ‘फनराया’. आपलेच स्वामी आणि भार्या. घरात मात्र हे शब्द कुणी हाकेला वापरत नाही. तरुणपणी ज्याला ती ‘फी’ म्हणत होती, त्यालाच मूल झाल्यावर ‘फॉ’, बाबा, म्हणू लागते, आणि लेकीला मूल झालं की ‘ता’, आजोबा. भाताच्या खाचरावरून संध्याकाळी परतणाऱ्या म्हाताऱ्याला ती ओट्यावरून ‘ता चा’ अशी हाक मारते, आणि तो ‘याय’ म्हणून ओ देतो: आजी.