रानातलं अन्न, ओळखीच्या हातून

मिरगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या उपनगरांतल्या स्टेशनांबाहेरचा बाजार बदलतो. नेहमीच्या भाजीवाल्यांच्या कडेला गोणपाट अंथरून आदिवासी बाया बसू लागतात. अंधेरी-बोरिवलीला त्या पालघर, सफाळ्याकडून पहाटेची गाडी पकडून येतात, तर मुलुंड-घाटकोपरला कसारा-कर्जतच्या बाजूने. पुढ्यात शेवळं, कर्टुली, कुरडू, टाकळा यांचे वाटे असतात. त्याआधी एप्रिल-मे महिन्यांत करवंदं, तोरणं, रानातले आंबे येऊन गेलेले असतात. जूनमध्ये जांभळं असतात. आणि जुलैपासून, पावसाची चांगली झड लागून गेली की, एखादीच्या टोपलीत पानांत गुंडाळलेली अळंबी दिसते.

या सगळ्यावर भरभरून लिहावं असं मनात होतं. पण आधी गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आम्ही दोघी जावा आणि सासूबाई असं आमचं एकत्र स्वयंपाकघर. एका रविवारी आमचा आठवीतला मुलगा जवळच्या मैदानातून पिशवीभर पांढऱ्याशुभ्र छत्र्या घेऊन आला. “अम्मी, चाची, बघा, फुकटात अळंबी!” आम्ही कांदा चिरायलाही घेतला. सासूबाईंनी मात्र एक छत्री हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. त्यांचं लहानपण रत्नागिरीकडे गेलेलं. पावसाळ्यात वारुळावरची अळंबी खुडून आणणाऱ्या त्या. त्या म्हणाल्या, “माझी ओळख गावच्या वारुळाची आहे, इथल्या मैदानाची नाही. मला हे ठाऊक नाही, म्हणजे हे शिजणार नाही.”

मुलगा हिरमुसला. त्याची खात्री पटावी म्हणून आम्ही त्यातल्या दोन छत्र्या कागदात गुंडाळून नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना दाखवल्या. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, “हे आमी खात नाय. जे आमी खात नाय, ते इकत पण नाय.” घरी येऊन आम्ही पिशवी फेकून दिली आणि हात साबणाने धुतले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला: रानातलं फळ आणि भाजी हौसेने खायची, पण ओळखीच्या हातून घ्यायची. आणि अळंबी स्वतः कधीच खुडायची नाही.

अळंबीचा डोळा

आपल्याकडे बाजारात येणारी चांगली अळंबी बहुधा वारुळाजवळ उगवते. वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते आणि त्यावर जगते. पावसाळ्यात त्याच बुरशीला जमिनीवर छत्र्या फुटतात. वाळवीशिवाय ही अळंबी वाढत नाही, म्हणून तिची शेती आजवर कुणाला जमलेली नाही. दुकानात मिळणारी बटण किंवा ढिंगरी अळंबी मात्र शेडमध्ये पिकवता येते. वारुळाची अळंबी एका दिवसात कोमेजते, त्यामुळे पहाटे खुडलेली त्याच दिवशी चुलीवर गेली पाहिजे.

अरबस्तानच्या वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली ‘कमआ’ नावाचं एक कंद मिळतं, तेही बुरशीच्याच कुळातलं. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या हदीससंग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याचा संबंध ‘मन्न’शी जोडल्याचा उल्लेख आहे. न पेरता मिळणारी ही अल्लाहची देणगी आहे, हे त्यातून समजतं. पण हा उल्लेख कमआचा आहे. त्याच्या आधारावर मैदानात उगवलेली कुठलीही छत्री पातेल्यात टाकणं शहाणपणाचं नाही. जीव ही अमानत आहे.

धोका किती मोठा असतो, हे २०२२ च्या एप्रिलमध्ये आसाममध्ये दिसलं. तिथे विषारी रानअळंबी खाऊन किमान १३ जण दगावले. त्यांतले बरेचसे चहामळ्यांतल्या वस्तीतले, म्हणजे रानातून अळंबी आणून खाणारे लोक होते. जाणत्या डोळ्यांचीही चूक होऊ शकते, मग आपली काय कथा!

सर्वांत घातक जातींचं विष शिजवून, उकळून किंवा वाळवून जात नाही. चांदीचं नाणं किंवा लसूण काळी पडते का, किडे खातात का, या सगळ्या घरगुती परीक्षा खोट्या आहेत. हे विष लगेच जाणवतही नाही. सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, उलट्या-जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि घरचे निश्चिंत होतात. नेमकं त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. म्हणून रानअळंबी खाल्ल्यावर त्रास झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली अळंबी किंवा भाजी सोबत घेऊन थेट मोठं इस्पितळ गाठा. बरं वाटलं तरी परतू नका.

फळं: करवंद आणि काकडं

फळांच्या बाबतीत जीव इतका टांगणीला लागत नाही. हिरवी करवंदं मिळाली की आम्ही ती गोश्तात घालतो. अर्ध्या किलोला दहा-बारा पुरतात. मिठाच्या पाण्यात टाकून त्यांचा चीक काढायचा, मग दोन फोडी करून बिया काढायच्या. गोश्त नेहमीसारखं कांदा, आलं-लसूण आणि वाटलेल्या खोबऱ्यात शिजवायचं. मऊ झाल्यावरच करवंदं घालून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवायचं.  चिंच-कोकमाची मग गरजच पडत नाही.

शेवळं घ्याल तेव्हा सोबत काकडं मागून घ्या. ही लहान, हिरवी, आंबट फळं बाया शेवळांबरोबरच विकतात, कारण शेवळं घशाला खाजतात आणि आंबटपणामुळे ती खाज मरते. शेवळांचं वरचं आवरण सोडून आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात परतायचं. काकडं ठेचून, बिया काढून त्यांचा रस घालायचा. मग परतलेला खिमा मिसळून चांगलं शिजू द्यायचं.

जांभळांचा गर साखर, काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून सरबतासाठी ठेवता येतो.

अळंबीचं सालन

वर्षानुवर्षं एकाच जागी बसणाऱ्या, स्वतः ही अळंबी खाणाऱ्या बाईकडूनच ती घ्या. तशी ओळख नसेल तर ढिंगरी वापरा, कृती तीच. पाव किलो अळंबीच्या देठाची माती सुरीने खरवडा, वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, भिजत ठेवू नका. एक कांदा आणि अर्धी वाटी ओलं खोबरं भाजून घ्या. त्यात चार सुक्या मिरच्या, चमचाभर धणे आणि पाच-सहा लसणीच्या पाकळ्या घालून वाटा. तेलात बारीक चिरलेला कांदा लाल करा, हळद आणि वाटण परता, अळंबी घाला. तिला स्वतःचं पाणी सुटतं, म्हणून वरून पाणी बेतानेच टाका. झाकण ठेवून वीसेक मिनिटं नीट शिजवा, शेवटी दोन कोकमं. तांदळाच्या भाकरीबरोबर दस्तरखानावर आणा. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना रानअळंबी देऊ नये.

रान कुणाचं?

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेलं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या अगदी दाराशी आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातून फळं-भाज्या खुडून आणायला आपल्याला मनाई आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी कुटुंबांना मान्य केला आहे. म्हणजे रानातलं अन्न आपल्यापर्यंत यायचं, तर ते या बायांच्या हातूनच.

आणि तरी घासाघीस आपण त्यांच्याशीच करतो. मॉलमध्ये ढिंगरीच्या डब्यावर छापलेली किंमत मुकाट देतो आणि गोणपाटावरच्या वाट्यासाठी पाच-दहा रुपयांवर अडून बसतो. आपण त्यांना भाजीचे पैसे देतो. काय खायचं आणि काय टाकायचं, ही आईकडून लेकीकडे आलेली ओळख मात्र त्या आपल्याला तशीच देतात. त्यांच्या लेकींनी ती उद्या शिकायची, तर या कामात चार पैसे सुटले पाहिजेत.

आमच्या सासूबाईंनी त्या संध्याकाळी मुलाला रागावलं नाही. पुढच्या रविवारी त्याला सोबत घेऊन बाजारात गेल्या, मावशींपुढे बसल्या आणि एकेक वाटा दाखवून नाव विचारू लागल्या. मुलगा वहीत लिहीत होता. आज त्या वहीत अठरा नावं आहेत. अळंबीच्या पानावर त्याने एवढंच लिहिलंय: ‘मावशींना विचारणे.’